ओमेरच्या नावाला दिलेला होकार

"तुमच्या दादाले सांगून ठेवा, नव्या पोरीपुढं ते कॅनडावालीचं काढू नका म्हणा. घाबरून माहेरी गेली तर आणाले कोण जाईन?"

सासूबाई मागच्या अंगणात सासऱ्यांना सांगत होत्या. मी न्हाणीत कपडे पिळत होते आणि न्हाणीची भिंत अर्धीच बांधलेली होती. लग्नाला तेवीस दिवस झाले होते. मुकुटबनच्या या घरात जे काढू नका म्हणतात ते जेवणं झाली की निघतंच, एवढं मला तेवढ्यात कळलं होतं.

निघालंच. शनिवार, अकरा जानेवारी, रात्रीचे साडेनऊ. लाइट गेलेली. अंगणात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांची शेकोटी. नानाजी, म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ, खुर्चीवर. माझा नवरा इंद्रजित आणि नणंद दीपा पोत्यावर. मी दाराच्या चौकटीला टेकून, नव्या सुनेनं टेकावं तेवढंच. नानाजींनी सासूबाई आत गेल्याची खात्री केली आणि म्हणाले, हे इकडून तिकडून ऐकलेलं नाही, उत्तमसिंगनं मले सोता सांगितलं.

उत्तमसिंग वणीचा, त्यांचा दोस्त. स्वतःची जीप भाड्यानं चालवायचा. खाणीवरच्या साहेबांना फिरवून फिरवून त्याला कामापुरतं इंग्रजी येत होतं. म्हणून २०१९ च्या डिसेंबरात लॉजवाल्यानं एक गिऱ्हाईक त्याच्याकडे दिलं. मादलेन नावाची साठीची बाई, कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या मुलखातली. काम साधं होतं. तिला आजोबा शोधायचा होता.

आजोबाचं नाव ओमेर. जमिनीला भोकं पाडून कोळसा शोधणारा मिस्त्री. १९३२ साली दोन वर्षांचं पोरगं मागं ठेवून इकडे आला. वर्षभर घरी पत्रं गेली. शेवटच्या पत्रावर मुकुटबनजवळच्या एका खेड्याचं नाव होतं. मग काहीच नाही. ते दोन वर्षांचं पोरगं म्हणजे मादलेनचे वडील. आता एकोणनव्वद वर्षांचे, दवाखान्यात, डॉक्टरांनी हात टेकलेले. त्यांना जाण्याआधी एकच कळायला हवं होतं. बाप मेला म्हणून आला नाही, की आम्हाला सोडून गेला?

"सत्त्याऐंशी वर्षं डोक्यात तेच," नानाजी म्हणाले. "बाईपाशी महिने नव्हते, दिवस होते."

चार दिवस दोघं हिंडले. कचेऱ्या झाल्या, इसायांचं जुनं कब्रस्तान झालं, म्हातारी माणसं झाली. कुठं काही लागेना. बाई जेवेना. जीपमध्ये फोन समोर ठेवायची आणि त्याच्याकडे बघत राहायची, तो वाजू नये म्हणून.

पाचव्या दिवशी, शुक्रवारी वीस तारखेला, त्या खेड्यातल्या कोणीतरी उकंडा भाटाचं नाव काढलं. घराण्यांच्या पिढ्या वहीत लिहून ठेवणारा. रात्री आठला दोघं त्याच्या ओसरीवर जाऊन बसले.

उकंड्याची रीत कडक होती. एक नाव वाचायचा आणि थांबायचा. त्या रक्ताचं कोणी समोर असेल तर त्यानं "आहे" म्हणायचं. कोणीच बोललं नाही तर नावावर आडवी रेघ. मग ते नाव पुन्हा कधी वाचायचं नाही.

दहा वाजून गेले तेव्हा ते पान आलं. सत्यभामा नावाची बाई, आणि तिच्या शेजारी, ओमेर. गोरा, दुरून आलेला, जमिनीला भोकं पाडणारा. सत्यभामेशी पाट लावला. मूल नाही. सत्तेचाळीस साली तापानं गेला.

म्हणजे शेवटच्या पत्रानंतर चौदा वर्षं जिवंत होता. टपाल चालू होतं.

उकंडा थांबला. मादलेनला त्यातलं एक अक्षरही कळलं नव्हतं, ती उत्तमसिंगच्या तोंडाकडे बघत होती. भाटानं पेन उचललं. आता उत्तमसिंग बंजारा माणूस. त्याच्याही तांड्यावर भाट यायचा, नावावर रेघ पडणं म्हणजे काय ते त्याला माहीत होतं. नात सातासमुद्रापलीकडून येऊन समोर बसली आहे आणि आजोबाचं नाव बुजतं आहे, हे त्याच्यानं बघवलं नाही. तो बाईसाठी म्हणून बोलून गेला, "आहे."

पेन खाली आलं. भाटानं विचारलं, कोण बोललं. मीच, बाईकडून, उत्तमसिंगनं सांगितलं.

"बाईकडून नसते ना बापा," उकंडा म्हणाला. "जो बोलला, त्याचाच होते तो."

आणि वही मिटली.

इथं नानाजींनी पाणी मागितलं. दीपा सरकत माझ्या पायांपाशी आली.

साडेदहाला जीप निघाली. बाई पुढं बसली. वाटेत उत्तमसिंगनं तिला खरं ते सांगितलं. इथं बायको केली होती. सोडूनच गेला होता.

मागची सीट रिकामी.

पहिल्या गतिरोधकावर जीप मागून दबली. माणूस बसल्यावर दबते तशी.

पुढं अंधार. मागून कोळशाचा ट्रक आला. त्याचा उजेड जीपमध्ये पडला...

उत्तमसिंगनं आरसा छताकडे फिरवला. काहून फिरवला, ते त्यानं नानाजींनाही कधी सांगितलं नाही.

"मग?" इंद्रजितनं विचारलं.

नानाजींनी शेकोटीत एक पऱ्हाटी सारली.

"काचा बंद होत्या," ते हळू म्हणाले. "थंडी अशी. अन् मानेवर श्वास... गरम. तापातल्या माणसाचा असते तसा..."

वणीपर्यंत.

लॉजच्या दारात बाई उतरली. तिथंच उभं राहून तिनं फोन लावला. तिकडे दुपार होती. फ्रेंच उत्तमसिंगला येत नव्हती. एक शब्द कळला, पापा. दोनदा. मग तिचं बोलणं थांबलं, पण फोन कानालाच राहिला. वडील तासाभरापूर्वी गेले होते, ते सकाळी लॉजवाल्याकडून कळलं. ती आत गेली, मागं न बघता. सकाळच्या गाडीनं नागपूर, तिथून विमान.

उत्तमसिंग जीपमध्ये बसून राहिला. मागचं दार उघडेल म्हणून. पाच मिनिटं... दहा... वीस.

दार उघडलं नाही.

महिन्याभरात त्यानं जीप विकली. पुढल्या वर्षी होळीच्या आधी त्याच्या तांड्यावर त्याच्या घराण्याचा भाट आला. या भाटानं उकंड्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. वही उघडली. बापाचं नाव, नेमसिंग. खाली त्याचं, उत्तमसिंग. दोघांच्या मध्ये एक ओळ.

ओमेर.

शाई बापाच्या नावाइतकीच विटलेली. अक्षर त्याच हाताचं.

"म्या पाह्यलं ते पान," नानाजी म्हणाले.

मग इंद्रजित म्हणाला, उत्तमसिंग उगाच मधात पडला. दीपा म्हणाली, चांगल्या माणसालेच धरते असं. नानाजींनी मान हलवली. सासूबाई केव्हा येऊन माझ्या मागं उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. सगळे आता माझ्याकडे बघत होते, मी किती घाबरले ते पाहायला.

मी दवाखान्यातल्या त्या म्हाताऱ्या लेकाचा विचार करत होते, ज्याला शेवटपर्यंत कोणी काहीच सांगितलं नाही. तेवीस दिवसांत या घरात मी हो, नाही आणि वाढू का, यापलीकडे बोलले नव्हते.

"नानाजी," मी म्हटलं, "लॉजपाशी नात उतरली, तेव्हा त्या ओमेरलेही उतरता आलं असतं. तिच्यासंगं लेकाच्या मातीले तरी जाता आलं असतं. तो दुसऱ्यांदाही गेला नाही."