आरशातला जनार्दन

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. देवाच्या हातातल्या शंख-चक्राची कथा लावायची आहे, आणि त्यांनी जमवलेल्या एका जोडीची.

मूर्ती ओतण्याच्या कारखान्यात एक मुलगी झळाळी द्यायचं काम करायची. गदा नि कमळ मूर्तीबरोबरच ओतलेली. वरच्या हातांतला शंख आणि चक्र मात्र तिनेच पेच फिरवून बसवायचं. काकांनी, म्हणजे मालकांनी, बजावलं होतं, "पोरी, आणखी एक चूक झाली की घरी बसायचं."

आणि नेमका तेव्हाच चष्म्याच्या दुकानाचा तरुण मालक आला, आईसाठी पितळेचा केशव न्यायला. पाठीची झळाळी दिसावी म्हणून मूर्तीमागे आरसा असे. त्यात तो दारात उभा दिसला—केसांवरचं पाणी झटकत. तिने पेच फिरवले, पण नजर... नजर आरशातच.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला मूर्ती घेऊन परत.

"आई म्हणते, हा आमचा केशव नाही, जनार्दन आहे. शंखाच्या जागी चक्र आलंय, चक्राच्या जागी शंख."

हातांतली आयुधं बदलली की देवाचं नाव बदलतं, हे तर तिला तोंडपाठ.

"हळू बोला ना. काका आत आहेत. माझं काम जाईल."

त्याने लगेच आवाज उतरवला. "पण झालं कसं?"

"आरशातली पाठ बघून बसवली. डावं-उजवं उलटं झालं."

"मूर्ती तर समोर होती. आरशात काय होतं?"

ती पेच सोडवू लागली. कान मात्र लाल.

"डोळे तपासायचे असतील तर माझं दुकान—"

"डोळे चांगले आहेत माझे. म्हणूनच तर..."

तो हसला, मग गंभीर झाला. "आई म्हणते, चक्र मनातलं भय कापतं आणि शंख म्हणजे हाक. माझं भय वाटेतच कापलं गेलं... हाक मारू?"

"मारा," ती म्हणाली. "कान उघडेच आहेत."

आतून काका खाकरले. "पोरी, पेच नीट आवळ. या खेपेस मूर्तीकडे बघून. आणि उद्या वेळेवर ये कामाला."

काकांनी सगळं ऐकलं होतं, तरी काम वाचलं.

केशव घरी गेला. पुढे तीही त्याच घरी गेली. तेव्हा कळलं, सासूबाई कारखान्याला तक्रारीचा फोनच करणार होत्या. पण लेक मूर्तीपेक्षा झळाळी देणाऱ्या पोरीबद्दलच जास्त बोलतोय, हे त्यांनी ऐकलं, आणि फोन खाली ठेवून म्हणाल्या, "तूच जा."

मंडळी, शंख-चक्रापुढे हात जोडाल तेव्हा त्या माउलीची आठवण ठेवा.