राखेत निवलेली सुरी

पौषातल्या अमावास्येची पहाट सोनजाईगडावर धुक्यातून उगवली. पायथ्याची जांभळीची राने, ओढ्याकाठचे गाव, हसनबेगाच्या छावणीतले तंबू आणि दमदम्यांवर चढवलेल्या त्याच्या तोफा, सारे काही त्या धुक्याखाली असे बुडाले होते, की तटावरून पाहणाऱ्याला वाटावे, गडाला कधी वेढा पडलाच नाही. पण नगारखान्यामागच्या टाक्यापाशी गेले की हा भ्रम फिटत असे. चार दिवसांपूर्वी तोफेचा एक गोळा नेमका टाक्याच्या भिंतीवर बसला, भिंतीला चीर गेली, आणि तीनशे माणसांचे पाणी बघता बघता कड्यावरून खाली वाहून गेले. आता उरले होते ते आठ दिवसांचे, आणि तेही मोजक्या घोटांनी प्यायचे.

त्या सकाळी किल्लेदार हैबतराव सुर्वे एकटेच चालत लोहारशाळेपाशी आले. किल्लेदार लोहाराच्या दारी स्वतः येतो तेव्हा काम मोठे असते, नाहीतर वेळ वाईट असते. त्या दिवशी दोन्ही होते.

रखमाजी लोहार आगटीतली राख काढत होता. त्याची बायको गोदाई भात्याचे चामडे तुपाच्या बोटाने पुसत होती. दोघेही उठून उभी राहिली.

"रखमाजी, एक सुरी हवी," हैबतराव म्हणाले. "वीतभर पात्याची. अंगरख्याआड लपली पाहिजे. दिवस मावळायच्या आत."

"सरकार, आज अवस हाय. अवसेला आमी ऐरणीवर घाव घालीत न्हाई. बापजाद्यापासनं पाळलंय."

"हसनबेगाच्या तोफा अवस पाळत नाहीत."

"आन् लोखंड? कोठीत खिळासुदिक ऱ्हायला न्हाई, धनी."

"मोडीत जे असेल ते घे. पण उद्या सकाळच्या धुक्यात एक माणूस मागच्या कड्यावरून उतरणार आहे, त्याच्या कमरेला ती सुरी असलीच पाहिजे." हैबतरावांनी आवाज खाली आणला. "सुभेदार रायाजीरावांची फौज एका दिवसाच्या वाटेवर आहे. त्यांना निरोप जायचा, की आंबेघाटाने या. ते कोणत्या दिवशी येणार, तो दिवस त्याच माणसाने परत आणायचा, म्हणजे त्याच घटकेला आम्ही वरून दरवाजा उघडून बेगावर पडू. कागद द्यायचा नाही. सारे त्याच्या तोंडी."

"मग सुरी कशापायी?"

"धरला गेला, तर ते तोंड बंद राहावे म्हणून."

रखमाजीने मान डोलावली. वेढ्यातला रिवाज त्याला ठाऊक होता. मग त्याने सहज विचारावे तसे विचारले, "माणूस कोण, सरकार?"

हैबतरावांनी नजर खाली वळवली. तीस वर्षांच्या चाकरीत शत्रूपुढे न झुकलेली ती नजर लोहारशाळेतल्या राखेकडे लागली. "कोळशासाठी त्या कड्यावरून चढउतार करणारा गडावर एकच आहे. मायाजीने काल सदरेवर येऊन विडा उचलला. आम्ही त्याला नको म्हणालो असतो, तर तीनशे माणसांना काय सांगणार होतो?"

मायाजी म्हणजे रखमाजी आणि गोदाईचा एकुलता एक लेक. वय चोवीस. गोदाई भात्यापाशी जाऊन बसली आणि दोन्ही हातांनी तो ओढू लागली.

मोडीच्या ढिगात फुटक्या डोणीच्या पट्ट्या होत्या, झिजलेले नाल होते, गंजलेले बिजागर होते. आणि अगदी तळाशी एका फिरंगी तलवारीचा हातभर तुकडा होता. रखमाजीने तो ऐरणीवर आपटून नाद ऐकला. खरे पोलाद! ऐरणीला हळद लावून त्याने तिची क्षमा मागितली, तुकडा आगटीत घातला, आणि पिकल्या भोपळ्याच्या रंगाचा झाला तसा सांडशीने काढून त्यावर घाव घालायला सुरुवात केली. तापवावे, ठोकावे, पुन्हा तापवावे. घावागणिक काळा पापुद्रा उडावा आणि आतले निर्मळ पोलाद उघडे पडावे. असे काम हाती असले की लोहार दुःखसुद्धा विसरतो, आणि खरे सांगायचे तर त्या दोन प्रहरांत रखमाजीही विसरला. पाते उतरले ते त्याच्या उभ्या जन्मातले सर्वांत देखणे पाते होते. शेवटी त्याने ते लाल करून करंजाच्या तेलात बुडवले. कानस लावून पाहिली, तर ती पात्यावरून घसरली. पाणी बसले होते, पाते कडक झाले होते.

"जा," तो गोदाईला म्हणाला, "पोराला चार भाकरी बांध."

ती गेली आणि रखमाजी त्या सुरीबरोबर एकटा राहिला. आता हात रिकामे होते, म्हणून मन चालू लागले. हे पाते कुठे शिरायचे, ते त्याला ठाऊक होते. मायाजी तान्हा असताना खोकल्याने बेजार झाला, तेव्हा ज्या छातीवर त्याने रात्रंदिवस वेखंड चोळले, त्याच छातीत. कैदेत पडलेला माणूस कधीतरी सुटतो, मेलेला सुटत नाही. शिर सलामत तर पगडी पचास, असे त्याच्या मनाने त्याला समजावले. गडाचे काय, तीनशे माणसांचे काय, हे त्या घटकेला त्याच्या मनात आलेच नाही. बापाचे मन होते ते, किल्लेदाराचे नव्हे.

त्याने सुरी पुन्हा आगटीत घातली.

लोहाराचे शास्त्र साधे आहे. तापलेले पोलाद तेलात विझवले, तर ते कडक होते. तेच गरम राखेत पुरून सावकाश निवू दिले, तर ते मऊ पडते, आणि हाडाला लागले की वाकते. रखमाजीने सुरी राखेत पुरली आणि दिवस कलेपर्यंत तिच्यापाशी बसून राहिला. मग तिला घासून, उजळून, धार लावून त्याने ती सदरेवर नेली. हैबतरावांनी विड्याच्या पानावर धार पाहिली. पान सुळकन कापले गेले. धार त्यांनी पाहिली, पाणी पाहिले नाही. रखमाजीच्या पाण्यावर सोनजाईवर आजवर कुणाला संशय आला नव्हता.

प्रतिपदेच्या सकाळी धुके इतके दाट होते, की दोर सोडणाऱ्यांना आपलेच हात दिसेनात. मायाजीने आईच्या पायांवर डोके ठेवले. गोदाईने त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर बोटे मोडली.

"येताना कोळसा आणू का गं आये?" तो हसत म्हणाला. "मोकळ्या हातानं कदी आलो न्हाई म्या."

"तू ये म्हंजे झालं."

मग तो बापाकडे वळला. रखमाजीला बोलायचे होते. लेका, या सुरीवर भिस्त ठेवू नको, एवढेच सांगायचे होते. पण शेजारी किल्लेदार उभे होते, दोर धरलेले सहा गडी उभे होते. "जपून," एवढाच शब्द त्याच्या तोंडून निघाला. मायाजी कड्याच्या कडेवरून उतरला आणि धुक्याने त्याला पोटात घेतले.

दुसऱ्या दिवशी, द्वितीयेला, तिसऱ्या प्रहरी धुक्याचा मागमूस नव्हता. कड्याखालच्या झुडपांत तटावरच्यांना मायाजी दिसला. काम फत्ते करून तो परतला होता. आणि दोर सोडायचा इशारा होणार, तोच बेगाच्या पहाऱ्याने त्याला घेरले. बुरुजावर सारा गड लोटला. खाली, उन्हात, मुंगीएवढ्या दिसणाऱ्या त्या माणसाने कमरेचा हात उचलून छातीवर आणला. मग पुन्हा एकदा. मग पहारेकरी त्याच्यावर पडले आणि त्याला उचलून छावणीतल्या एका हिरव्या तंबूत घेऊन गेले.

"गेला! लोहाराचं पोर मर्दावानी गेलं!" बुरुजावर कुणीतरी ओरडले, आणि माणसांनी पागोटी उतरवली. गोदाई मटकन खाली बसली. बायका तिला सावरायला धावल्या.

रखमाजी मात्र जागचा हलला नाही. हात दोनदा वर गेला होता. चांगल्या पात्याला दुसरा घाव लागत नाही.

दिवेलागणीला तो सदरेवर गेला. पायीच्या वहाणा बाहेर काढल्या, डोईचे मुंडासे किल्लेदारापुढे ठेवले, आणि घडले ते सांगितले. काही लपवले नाही, रडलाही नाही. ऐकता ऐकता हैबतरावांचा हात तलवारीच्या मुठीवर गेला.

"म्हणजे तो जिवंत आहे."

"व्हय, सरकार."

"जिवंत आहे आणि बेगाच्या हाती आहे. उद्या त्याने तोंड उघडले, तर आंबेघाटात रायाजीरावांची सारी फौज कापली जाईल. ही हरामखोरी आहे, हे तुला कळते?"

"कळतंय. मला कड्यावरनं लोटा. म्या त्यासाठीच आलो."

हैबतरावांनी मुठीवरचा हात काढला. त्यांनाही दोन लेक होते. "तुला लोटले तर गड विचारील, का लोटले. आणि ते कळले, तर उद्या तटावर कुणी उभे राहणार नाही. तुला सजा हीच. काम कर, खा, पी, आणि तोंड मिटून राहा. गोदाईलाही सांगायचे नाही."

तृतीया गेली. चतुर्थी गेली. लोक रखमाजीला धीर द्यायला येत; म्हणत, नशीबवान पोर, सुखाने गेला. रखमाजी ऐकून घेई आणि त्या हिरव्या तंबूकडे पाहत राही. हे दोन दिवस कसे गेले, ते लिहिण्याचे धाडस या लेखणीत नाही.

पंचमीच्या सकाळी छावणीत नौबत झडली. निम्म्याहून अधिक फौज, घोडदळ आणि बंदूकधारी, कूच करून निघाली. हैबतराव बुरुजावर धावत आले. रखमाजी तिथे आधीच होता. ओढा ओलांडला की वाटेला दोन फाटे फुटत: उजवीकडे आंबेघाट, डावीकडे पाथरघाट. फौजेचे तोंड फाट्यावर आले आणि थांबले. मग निशाणाचा हत्ती सावकाश डावीकडे वळला, आणि त्याच्यामागे सारी फौज पाथरघाटाकडे वळली.

"तो बोलला, रखमाजी," हैबतराव म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. "पण काय बोलला, बघ!"

त्यांनी तिथूनच हुकूम सोडले. दिवस ठाऊक नव्हता, म्हणून सारी शिबंदी हत्यारानिशी दरवाजामागे बसली. षष्ठीच्या झुंजुमुंजूला आंबेघाटात धूळ उठली, शिंगे वाजली, आणि सोनजाईचा दरवाजा सात महिन्यांनी उघडला. वरून गडकरी, समोरून रायाजीरावांचे स्वार. छावणीत राहिलेल्यांना घोड्यांवर खोगीर घालायलाही उसंत मिळाली नाही. सूर्य कासराभर वर येण्याआधी वेढा उठला.

हिरव्या तंबूत मायाजी सापडला. त्याच्या अंगावर एक घोंगडी घातलेली होती, आणि शेजारी पायाला जखम झालेला एक म्हातारा बसला होता. तो बेगाच्या पागेतला नालबंद होता, इमामबक्ष नावाचा. पळणाऱ्यांनी त्याला मागे टाकले होते.

"दोन दिवस हा मुलगा काही बोलला नाही," तो हैबतरावांना म्हणाला. "काय काय केले, ते विचारू नका. परवा संध्याकाळी म्हणाला, पाणी द्या, सांगतो. पाणी पिऊन म्हणाला, पाथरघाट, षष्ठीला. पहिल्याच तासाला बोलला असता, तर बेगसाहेबांचा विश्वास बसला नसता. एवढे सोसून बोलणाऱ्याला खोटे कोण म्हणेल? त्यानंतर घटकाभराने गेला." म्हाताऱ्याने घोंगडीखालून एक सुरी काढली. तिचे पाते टोकापासून मागे वळले होते. "मीही लोखंडातला माणूस, हुजूर. कानस लावून पाहिली, तर कानस चावली. मी त्याला विचारले, बेटा, हे कोणा अडाण्याचे काम? तेव्हा तो हसला. त्या हालातही हसला. म्हणाला, अडाणी नाही, चाचा. बाप आहे."

रखमाजी तिथेच उभा होता. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले आणि लेकाच्या पायांशी कोसळला. चार दिवस कोंडलेला तो आक्रोश तंबूबाहेर उभ्या असलेल्या स्वारांनीही ऐकला.

बऱ्याच वेळाने हैबतराव त्याच्याजवळ बसले. आता ते त्याला तू म्हणाले नाहीत. "रखमाजीबाबा, पाते कडक असते, तर मायाजी त्याच घटकेला सुटला असता. बेग सगळ्या फौजेनिशी इथेच राहिला असता, आणि दिवस ठाऊक नसलेले आम्ही वर दार लावून बसलो असतो. तुमच्या त्या चुकीने गड राखला."

"सरकार," रखमाजी म्हणाला, "तुमच्या पाया पडतो. हे पुन्ना कदी बोलू नगा."

मायाजीला ओढ्याकाठी अग्नी दिला. हैबतरावांनी स्वतःच्या शेल्यात त्याला गुंडाळवले, आणि गोदाईला फक्त चेहरा पाहू दिला. संध्याकाळी लोहारशाळेत, थंड आगटीपाशी, तिने नवऱ्याला विचारले, "लई तरास झाला का वो त्येला?"

रखमाजीने तिच्याकडे पाहिले. "न्हाई," तो म्हणाला. "येका घावात."

गोदाईने त्याचे दोन्ही हात धरून आपल्या कपाळाला लावले. तिचे डोळे वाहत होते, पण चेहऱ्यावरचा ताण सुटला होता.

ती त्यानंतर पुष्कळ वर्षे जगली. दर खंडेनवमीला गडावरचे नवे शिलेदार आपली हत्यारे रखमाजीकडून पाणी देऊन घ्यायला लोहारशाळेत येत, तेव्हा ती भाता ओढता ओढता प्रत्येकाला सांगे, की माझ्या मालकाच्या हातचं पाणी लई गुणाचं, माझ्या लेकराला त्यानं येका क्षणात सोडवलं. शिलेदार भक्तीने रखमाजीला मुजरा करीत. रखमाजी हातोडा खाली ठेवी, मान लववून मुजरा परत करी, आणि पुढच्याचे हत्यार हाती घेई.