दिव्यांच्या माळेतली रिकामी जागा

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, पण मी पदरचं काहीही घातलेलं नाही. माझ्या मावसबहिणीच्या, म्हणजे ताईच्या घरात हे घडलं आणि त्यातले दोन फोटो मी स्वतः पाहिले आहेत.

भुतंखेतं रात्री बारानंतर निघतात असं म्हणतात. हे दिसलं बुधवारी दुपारी चार वाजता. बाहेर लख्ख ऊन होतं, खाली कोणीतरी स्कूटर धूत होतं आणि तिसऱ्या मजल्यावर ताईने फोटोसाठी जाड पडदे ओढून घेतले होते.

ताई फोटोग्राफर आहे. वय बेचाळीस, पण तिचे वडील, म्हणजे आमचे काका, तिला अजून ठमीच म्हणतात. मावशी जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून काका ताईकडे राहत होते.

त्या आठवड्यात ताई आधीच वैतागलेली होती. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख त्यांनी दोनदा बुडवली होती. एकदा पोट दुखलं, एकदा गुडघा. डॉक्टरीणबाईंनी ताईला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, की आता उशीर केलात तर डोळ्यातला दाब वाढेल आणि गेलेली नजर परत येणार नाही. पुढच्या सोमवारची तारीख मिळाली होती.

आणि काका ढिम्म.

कारण विचारलं की एकच उत्तर. "मला दिसतंय तेवढं पुरे आहे."

ताईने समजावलं, चिडली, दोन दिवस अबोला धरला. काही उपयोग झाला नाही. डोळे त्यांचे, पण झोप हिची उडाली होती.

त्यात हे काम आलं. शुभेच्छापत्रं छापणाऱ्या एकाला वर्षअखेरच्या सुट्टीसाठी दहा फोटो हवे होते. पुढे कप, पुस्तक, लोकरीचे मोजे असं काहीतरी घरगुती, आणि मागे दिव्यांची माळ, पण धूसर. पुढच्या वस्तूवर फोकस धरून लेन्स पूर्ण उघडी ठेवली की मागचा प्रत्येक दिवा पसरून मोठा गोल होतो. फोटोग्राफर लोक त्याला बोके म्हणतात. हा शब्द काकांनी पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते पलंगाखाली वाकून बघायला लागले होते.

माळ भिंतीवर आयतीच होती. तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका गिऱ्हाइकासाठी लावलेली. त्या माणसाने ऐन वेळी काम रद्द केलं, पण काका माळ काढू देईनात. ते जन्मभर वायरमन. नजर अधू झाली तरी हात पक्के होते. जमिनीपासून एकेक फुटावर एक ओळ, अशा आठ ओळी त्यांनी टेप लावून, ताईला आकडे वाचायला बसवून मारल्या होत्या. शोभेच्या माळेला एवढं कशाला, असं ताई म्हणाली, तेव्हा शोभेची आहे म्हणून वाकडी लावू का, असं त्यांनीच उलट विचारलं होतं.

ताई बाहेर कामाला गेली की काका रोज ती माळ लावून समोर खुर्ची टाकून बसायचे. वेळ जात नसेल, असं तिला वाटायचं.

तर त्या बुधवारी तिने कपाचा पहिला फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिला.

कप सुरेख आला होता. मागे सोनेरी गोल पसरले होते.

पण मधल्या भागात... गोल नव्हते.

एक उभा काळा पट्टा होता. त्याच्या दोन्ही बाजूंचे दिवे शाबूत, फक्त तेवढीच जागा रिकामी.

काही दिवे गेले, असं तिला वाटलं. वर पाहिलं तर भिंतीवर सगळे लागलेले. तिने दिव्यांवर फोकस धरून फोटो काढला. त्यातही सगळे लागलेले. परत धूसर काढला.

पट्टा तिथेच होता.

ताईने वायरिंगला नावं ठेवली. काकांना ते लागलं. त्यांनी स्टुलावर चढून एकेक दिवा बोटांनी चाचपला आणि "माझ्या माळेत खोट नाही, तुझं यंत्र बघ," असं म्हणून आत निघून गेले. मग तिने लेन्स पुसली, बदलली. कॅमेरा दुरुस्त करणाऱ्याला फोन केला. आतल्या काचेवर डाग असेल, असं तो म्हणाला. पण डाग असता तर कॅमेरा फिरवल्यावर डागही बरोबर फिरला असता. तिने कॅमेरा डावीकडे नेला, उजवीकडे नेला.

पट्टा खोलीतल्या जागेवरून हलला नाही.

भिंतीलगत एक तिपाई होती, तिच्यावर पांढरा कपडा. तिपाई आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम वीतभर जागा. फोटोत पांढरा कपडा पूर्ण दिसत होता. म्हणजे जे काही दिव्यांच्या आड येत होतं, ते तिपाईच्या मागे, भिंतीला चिकटून होतं.

तिथे एक माणूस मावणं शक्यच नव्हतं.

ताई घाबरली नाही. तिला संताप आला. शनिवारी फोटो द्यायचे, सोमवारी ऑपरेशन, त्याला वडील तयार नाहीत, आणि आता हे. तिने कॉम्प्युटरवर बसून आजूबाजूचे गोल उचलले आणि काळ्या जागेवर ठिगळासारखे लावले. नऊ फोटोंना अशी ठिगळं लावली. छापणाऱ्याला ते फार आवडले.

शुक्रवारी दहावा फोटो काढला, मोज्यांचा.

या वेळी तिपाईवरचा पांढरा कपडाही अर्धा झाकलेला होता.

ते तिपाईच्या पुढे आलं होतं.

ताईने कॅमेरा बंद केला. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. परत आली तर काका खुर्चीत येऊन बसले होते, भिंतीकडे तोंड करून. चष्मा काढून मांडीवर ठेवला होता. ती त्यांच्या मागे दारातच थांबली.

माळेच्या ट्रान्सफॉर्मरमधून नेहमी एक बारीक गुणगुण यायची. ती थांबली... दिवे मात्र चालूच होते.

काका समोर बघत म्हणाले, "ठमे, जरा बाजूला सरक. दिवे झाकतेस."

ताई त्यांच्या मागे सहा फुटांवर उभी होती.

"बाबा, मी इकडे आहे."

काकांनी मान वळवली. पुन्हा समोर पाहिलं. आणि हसले. चोरी पकडली गेल्यावर लहान मूल हसतं, तसे.

तिने फोटोंतल्या काळ्या पट्ट्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनीही सगळं सांगितलं. माळ लावल्यापासून ती रोज येते. चष्मा घातला की काही दिसत नाही. चष्मा काढला, दिवे फुटून पसरले, की त्यांच्यासमोर ती उभी असते. बोलत नाही. काका बोलतात, ती ऐकते. तीन महिने असंच चाललं होतं.

"तुझी आई आहे गं," ते म्हणाले. "डॉक्टरीणबाई सगळं लख्ख करून ठेवतील. मग मला ती कुठे दिसणार?"

खरं तर ताईला रडू यायला हवं होतं. पण तिचा राग अनावर झाला. या एवढ्यासाठी तुम्ही आंधळे व्हायला निघालात, असं ती बोलून गेली. काकांनी चष्मा घातला आणि खिडकीकडे तोंड केलं.

रात्रीचं जेवण झालं. त्यानंतर ताईने बुधवारचा मूळ फोटो उघडला, ठिगळ न लावलेला. ओळी मोजल्या. खालपासून एक, दोन, तीन... काळी जागा सातव्या ओळीच्याही वर गेली होती. तिने टेप घेऊन भिंत पुन्हा मोजली. वायरमनच्या कामात चूक नव्हती.

सात फुटांपेक्षा जास्त. तेही भिंतीला चिकटून असताना.

मावशी पाच फूटही नव्हती. वरच्या फळीवरचा डबा काढायला तिला स्टूल लागायचं.

हे काकांना सांगायचं असं ताईने ठरवलं होतं. पण सकाळी काकाच चहाचा कप घेऊन तिच्याजवळ आले. ते म्हणाले, की तुझ्या फोटोत ती येते ना, मग आम्हा दोघांचा एक फोटो काढून मोठा करून दे. तो जवळ असला की मी ऑपरेशनला येतो.



"ठमे, आईच आहे ना गं ती?"

समोर सोमवार होता. पुन्हा तारीख बुडली तर काय होणार, हे डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं.

"हो बाबा," ताई म्हणाली. "आईच आहे."

रविवारी दुपारी तिने पडदे ओढले. काका भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस विंचरले होते. ताईने कॅमेरा त्यांच्या मागे लावला आणि फोकस त्यांच्या डोक्यावर धरला.

नुसत्या डोळ्यांना खोली रिकामी दिसत होती.

तिने कॅमेऱ्याला डोळा लावला.

गुणगुण थांबली.

काकांच्या डाव्या बाजूचा एक गोल नाहीसा झाला. मग त्याच्या शेजारचा... मग त्याच्या वरचा...

ताईने बटण दाबलं. एकच फोटो काढला आणि पडदे सरकवून टाकले.

फोटोत ते आता खुर्चीला लागून उभं होतं. आधीच्या फोटोंत त्याच्या कडा धुरकट असायच्या, कारण ते फोकसपासून लांब असायचं. या वेळी ते काकांच्या बरोबरीला आलं होतं, आणि कडा धारदार होत्या. खांदे कळत होते. वरचा भाग कमरेतून वाकून काकांच्या कानापाशी आला होता.

हा फोटो द्यायचा नाही, असं तिच्या मनात आलं. दुसरं काहीतरी बनवून देता आलं असतं, ठिगळं लावण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण काका मोठा केलेला फोटो हातात घेतल्याशिवाय दवाखान्याची पिशवी भरायला तयार होईनात. शेवटी तिने तो तसाच छापून आणला. काकांना त्यात काळं-पिवळं काहीतरी दिसलं, तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. तो त्यांनी उशीखाली ठेवला.

ऑपरेशन उत्तम झालं. मंगळवारी पट्टी काढली तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या साडीवरची नक्षी काकांनी स्वतः सांगितली. रिक्षात बसल्यावर ते दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होते. पाट्या ऐकून ताईचा जीव भांड्यात पडला. कितीतरी दिवसांनी तिला त्यांचा राग येत नव्हता.

घरी पोचल्यावर काका आधी आत गेले.

ताईने हाक मारली, जेवून घ्या म्हणाली. काका बाहेर आलेच नाहीत.

ती आत गेली. काका पलंगाच्या कडेवर बसले होते. एका हाताने डावा डोळा झाकला होता, दुसऱ्या हातात फोटो. नव्या डोळ्याने ते तो बघत होते.

मावशी आणि काकांची एक नेहमीची गंमत होती. काका खुर्चीत बसले आणि मावशी शेजारी उभी राहिली की दोघांची डोकी जवळजवळ बरोबरीला यायची. त्यावरून तिला चिडवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

"ही ती नाही," काका म्हणाले.



"तुला माहीत होतं?"

तिने होकारार्थी मान हलवली. ते तिला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं ती मला म्हणाली. त्यांनी फोटो पालथा ठेवला.

"ठमे, पहिल्या दिवशी ती अगदी भिंतीशी होती. हलायचीच नाही. मीच रोज म्हणायचो, अगं, लांब का उभी, जवळ ये. तीन महिने मी जवळ ये म्हणत होतो... ते कोणाला?"

त्याच संध्याकाळी ताईने माळ उतरवून खालच्या कचऱ्यात टाकली. तेव्हापासून त्या घरात काही दिसलेलं नाही. पण दिवे होते म्हणून ते कळत होतं, दिव्यांच्या आड येत होतं म्हणून. आता आड यायला दिवेच नाहीत. ते गेलं की नुसतं कळेनासं झालं, हे ताईला सांगता येत नाही.

काकांनी डाव्या डोळ्याची तारीख स्वतः फोन करून मागून घेतली. मिळेल तितकी लवकरची. रोज भिंतीकडे तोंड करून बसणारे काका आता जेवतानाही पाठ भिंतीला टेकवून बसतात, आणि शेजारच्या खुर्चीवर काही ना काही सामान ठेवलेलं असतं. ताई ते उचलायला गेली, तर उचलू देत नाहीत.