काळ्या कड्याची चुकलेली वाट

"पेटी उघडा ना! बघू दे!" ऑर्विल ओरडला आणि कमरेएवढ्या पाण्यातून होडीकडे धावला.

नेरीसा मात्र जागची हलली नाही. ‘मिस ऑलिव्ह’ पाण्यावर किती वर तरंगतेय, ते तिला काठावरूनच दिसलं होतं. पेटीत हेकरू मासे असते तर होडी अशी हलकी आली नसती.

"नुसता बर्फ!" ऑर्विलचा आवाज एकदम पडला. "तोही वितळलेला!"

सुट्टी लागल्यापासून प्रत्येक खेप अशीच जात होती. लेमुएल आजोबा सावकाश खाली उतरले. काठावर उभ्या असलेल्या कॅप्टन हॉयने टोपी मागे सारत विचारलं, "काय लेमुएलदादा, आजही काळा कडा सापडला नाही?"

"दोरीला बांधलेलं शिसं सोडलं. अख्खी दोरी संपली, तळच लागला नाही," आजोबा म्हणाले.

काळा कडा म्हणजे बेटावरून न दिसणारा, पाण्याखालचा डोंगर. त्याच्या दक्षिणेला उथळ पठार आणि उत्तरेला अथांग दरी. त्या काठावरच्या कपारींत, दोरी संपत येईल इतक्या खोल पाण्यात मोठे हेकरू राहत. प्रोव्हिडेन्सिया बेटावरचं अर्धं गाव त्यांच्यावर जेवत असे आणि आजोबांना ती जागा अंगणासारखी पाठ होती.

"तळ काय पळून जातो, बाबा?" वेंडेलमामा सगळ्यांसमोर म्हणाला. "होकायंत्र चुकत नाही, माणूस चुकतो! वय झालं तुमचं. उद्यापासून सुकाणू माझ्याकडे."

आजोबांनी हातातली दोरीची गुंडाळी मामाकडे दिली आणि ते घराकडे चालू लागले. नेरीसाला वाटलं, ते चिडले असते तर बरं झालं असतं.

दुपारी होडी धुवायचं काम मुलांकडे आलं. नेरीसा, तिचा मावसभाऊ ऑर्विल आणि त्याची धाकटी बहीण जोलेट. मामाने सुट्टीच्या सुरुवातीलाच होडीत कॅसेट वाजवायचं यंत्र बसवलं होतं, त्यामुळे काम करताना गाणीही ऐकायला मिळत.

"अगं बाई!" जोलेट अचानक किंचाळली. "नेरीताई, होडीत भूत आहे!"

"तुझ्या केसांकडे बघून पळून जाईल ते," ऑर्विल म्हणाला.

"खरंच! माझ्या हातातून गळ पडला, तर खाली पडलाच नाही! तो बघ!"

होकायंत्राखालच्या फळीला मोठा गळ उभाच्या उभा चिकटला होता. नेरीसाने तो ओढून काढला आणि सोडला. टक्! पुन्हा चिकटला!

"मामा, इथे बघ ना," नेरीसाने हाक मारली.

"खिळा असेल आत एखादा," मामा वर न बघताच म्हणाला. "चला, पळा आता! मला तेल भरायचंय."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मामा आणि त्याचा जोडीदार सायलस गाणी लावून निघाले. दुपारी परतायचे होते, पण दुपार झाली तरी आले नाहीत. ईशान्येकडून वारा सुटला आणि लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला. आई दहा वेळा दारात जाऊन आली. चुलीवर नारळाच्या दुधातला रस्सा आटून करपला, तरी तिचं लक्ष नव्हतं.

नेरीसाच्या डोक्यातून तो गळ जाईना. "ऑर्विल, त्या फळीच्या मागे काय आहे?"

"गाणी वाजतात तो कर्णा. मामाने खोक्यात घालून बसवलाय. तसाच दुसरा त्याच्या खोलीत पडलाय की!"

तिघं मामाच्या खोलीत धावले. ऑर्विलने खिशातून शाळेच्या सहलीत मिळालेलं छोटं होकायंत्र काढलं आणि त्या लाकडी खोक्याजवळ नेलं. काटा गर्रकन वळला आणि खोक्याकडे तोंड करून थरथरत थांबला.

"लोहचुंबक!" नेरीसाने खोकं उचलून घेतलं. "आजोबा चुकले नव्हते! होकायंत्रच खोटं बोलत होतं! आणि आता मामा त्याच्याच भरवशावर गेलाय!"

आजोबा मागच्या पायरीवर पाठमोरे बसले होते. मुलांनी एकाच वेळी बोलायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी हात वर केला. "एकेक जण."

सगळं ऐकल्यावर त्यांनी स्वतः होकायंत्र खोक्याजवळ नेऊन पाहिलं. "होकायंत्राजवळ मी साधी सुरीसुद्धा ठेवू देत नाही," ते पुटपुटले. "पण लाकडी खोक्यात असलं काही असेल असं मला कसं कळणार?"

"होडी कुठल्या बाजूला भरकटते, आजोबा?"

"तूच सांग. दक्षिणेला गेलो असतो तर?"

"तर पठार. तळ लगेच लागला असता."

"आणि मला तळ लागलाच नाही." आजोबा ताडकन उठले. "उत्तरेला! दरीवर! परतताना बेटावरचा डोंगर दिसायचा म्हणून मी घरी पोचायचो. आज त्या ढगांत डोंगर कुठला दिसतोय!"

धक्क्यावर कॅप्टन हॉय आपली मोठी बोट काढायच्या तयारीत होता. "वारा ईशान्येचा आहे. बंद पडली असेल तर होडी काळ्या कड्यावरून वाहत नैऋत्येला जाणार. तिकडेच शोधायचं," त्याने सांगून टाकलं.

"पण वाहायला सुरुवात कुठून झाली, ते नको का बघायला?" नेरीसाने त्याची वाट अडवली आणि गाण्याच्या कर्ण्याची गोष्ट सांगितली.

"गाण्याने होडी चुकते? पोरी, ही खेळायची वेळ नाही!"

नेरीसाने जोलेटला डोळ्याने खुणावलं. खोकं पोत्यात गुंडाळून त्यांनी सोबत आणलंच होतं.

"बरं कॅप्टन, तुमचं होकायंत्र तरी नीट आहे ना?"

"माझं? हे बघ!" हॉयने आपलं पितळी होकायंत्र पिंपावर ठेवलं. "ही उत्तर, आणि हा..."

त्याचं बोलणं तिथेच तुटलं. काटा हळूहळू सरकत भलतीकडेच निघाला होता! हॉयने होकायंत्र हलवलं, फुंकर मारली, पुन्हा ठेवलं. काटा परत तिकडेच!

पिंपामागून पोतं छातीशी धरून जोलेट उभी राहिली. "आता दूर नेऊ?"

ती मागे मागे गेली, तसा काटा जागेवर आला. हॉयने आजोबांकडे पाहिलं आणि टोपी काढली.

"लेमुएलदादा, सुकाणूवर तुम्ही उभे राहा."

"ही पोर माझ्याबरोबर येईल," आजोबा म्हणाले. "लांबचं बघायला मला तिचे डोळे हवेत." मागोमाग धक्क्यावर आलेल्या आईने तोंडावर हात ठेवला, पण अडवलं नाही.

समुद्र खवळला होता. बोट लाटेवर चढायची आणि धाडकन खाली आपटायची. नेरीसाला दोनदा उलटी झाली. आजोबा मधूनच बोट थांबवून शिसं सोडत. एकदा तळ लागला. शिशाच्या टोकाला लावलेल्या चरबीला काळी वाळू आणि पोवळ्याचा चुरा चिकटून वर आला. आजोबांनी तो बोटांनी चोळला.

"काळा कडा," ते हळूच म्हणाले. "जागच्या जागी आहे."

तिथून ते उत्तरेला वळले. पुढच्या वेळी दोरी संपली, तरी तळ लागला नाही. मग आजोबांनी वाऱ्याचा अंदाज घेऊन बोट वाहत्या पाण्याच्या दिशेला घातली. खारं पाणी डोळ्यांत जात होतं. आपण चुकलो असलो तर? आपल्यामुळे सगळे भलतीकडेच शोधत असले तर?

"तिथे!" ती ओरडली. "पिवळं! काहीतरी पिवळं हलतंय!"

सायलस पिवळा रेनकोट हलवत होता. ‘मिस ऑलिव्ह’ अर्धी पाण्याने भरली होती, इंजिन बंद पडलं होतं आणि मामा बर्फाच्या पेटीच्या झाकणाने पाणी उपसत होता. बोटीवर ओढून घेतल्यावरही त्याच्या हातातून ते झाकण सुटेना. शेवटी आजोबांनीच त्याच्या हाताचं एकेक बोट सोडवून काढलं.

"बाबा," मामा म्हणाला, "दोरी टाकली. तळच लागला नाही."

"माहीत आहे," आजोबा म्हणाले आणि त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकली.

‘मिस ऑलिव्ह’ ओढून आणून दुरुस्त केल्यावर आणि होकायंत्राजवळून तो कर्णा उपटल्यावर समुद्र निवळायची वाट पाहून आजोबा पुन्हा निघाले. या वेळी तिघं मुलं होडीत होती. शिसं खाली गेलं, बराच वेळ जातच राहिलं आणि मग दोरी सैल झाली. तळ! मुलांनी गळ सोडले आणि थोड्याच वेळात नेरीसाच्या बोटांना जडसा हिसका बसला.

"ओढ! कपारीत शिरू देऊ नकोस!" आजोबा ओरडले.

तिघांनी मिळून दोरी ओढली. तळहात सोलून निघाले. निळ्या पाण्यात आधी तपकिरी सावली दिसली आणि मग जोलेटएवढा हेकरू पोट फुगवून वर आला!

धक्क्यावर सगळं गाव जमलं. कॅप्टन हॉयने मुलांच्या पाठी थोपटल्या. "मोठ्यांनी ऐकलं असतं तर हा घोर लागलाच नसता. शाबास रे पोरांनो!" सगळ्यांदेखत मामानेही आजोबांची माफी मागितली.

गर्दी ओसरल्यावर नेरीसा आजोबांजवळ जाऊन बसली. "आता तर तुम्हाला कुणी म्हातारं म्हणणार नाही!"

आजोबा दोरी गुंडाळत होते. "गाव म्हणालं त्याचं काही नाही गं," ते म्हणाले. "मलाही ते पटलं होतं. तुम्हाला मात्र पटलं नाही."

दोरीचं दुसरं टोक त्यांनी तिच्या हातात दिलं आणि दोघं मिळून ती गुंडाळत बसले.