दहापैकी नऊ

शिरूरच्या वाचनालयात इंग्रजी शब्दकोश एकच होता, आणि सत्त्याण्णवच्या श्रावणात दोघांनी एकाच वेळी त्याच्यावर हात ठेवला.

"तुम्ही घ्या," म्हणत संपतने हात काढून घेतला.

"तुम्ही शिकवणी घेता ते संपत सर ना? केंदूरचे?" मुलगी हसली. "मग शब्दकोश कशाला? तुम्हीच सांगा. सी, लुक, वॉच... समद्यांचा अर्थ बघणंच की!"

ती वडगाव रासाईच्या मारुतरावांची पूनम. बँकेच्या परीक्षेची तयारी करत होती. मग दर शनिवारी वाचनालयात, खिडकीजवळच्या टेबलाशी दोघं बसू लागली.

"सी म्हणजे दिसणं," संपत वहीत डोकं घालून सांगायचा. "लुक म्हणजे मुद्दाम बघणं. आणि वॉच म्हणजे... बघत राहणं."

"मग माझी एसटी येईपर्यंत तुम्ही खिडकीतून करता, ते कुठलं?"

संपतच्या हातातलं पेन खाली पडलं. ते शोधायला तो बराच वेळ टेबलाखाली राहिला.

मार्गशीर्षात एका शुक्रवारी ती अचानक आली. "रविवारी दौंडची माणसं मला बघाया येणार हायत. मुलगा रेल्वेत हाय. आप्पा म्हणाले, तुझ्या मनात कोण असंल तर आधीच सांग."

"हं..."

"हिअर आन् लिसनची वाक्यं लिहिलीत. उद्या तपासून द्या." वही ठेवून ती गेलीसुद्धा.

संपतने वही उघडली. तिने इंग्रजीत लिहिलं होतं: जिन्यावर पुष्कळांची पावलं कानावर पडतात. मी कान देऊन ऐकते, ती फक्त तुमची.

त्याने ते तीनदा वाचलं. हे आपल्यालाच असेल? की नुसता अभ्यास? त्याचे वडील मल्हारी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. मारुतराव सोसायटीचे चेअरमन. विचारलं आणि ती हसली तर? हात मात्र सवयीने चालला. 'लिसन'पुढे राहिलेला 'टू' त्याने लाल शाईने घातला. खाली लिहिलं — दहापैकी नऊ. छान.

शनिवारी पूनमने वही उभ्यानेच उघडली. मागचं पानही उलटून पाहिलं.

"बास? एवढंच?"

"एक टू... राहिला होता."

"तेवढंच राहिलं होतं व्हय, सर?"

त्याने लाल पेनाला टोपण लावलं. तिने वही छातीशी धरली आणि जिना उतरली. त्या पावलांचा आवाज संपत शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत बसला. रविवारी तिने होकार दिला.

सात वर्षांनी दौंडच्या फलाटावर मागून हाक आली — "सर!"

पूनम. बोटाला पाचेक वर्षांची मुलगी. "ही वैष्णवी. चष्मा किती जाड झाला तुमचा!"

"पेपर तपासून..." तो ओशाळून हसला. "पुण्याला निघालोय."

ती म्हणाली, "ती वही हाय अजून. मला मार्क नको होते, सर. पण तुम्हाला कळलंच न्हाई."

"कळलं होतं."

"कवा?"

"लाल शाई वाळायच्या आत."

तिचे ओठ हलले, पण गाडीने शिट्टी दिली. संपत दारात चढला. वैष्णवीने टाटा केला. पूनमने हात हलवला नाही. शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहिली.