कुंपणापलीकडचं सासर

पटत नसेल तर पुढे वाचू नका. मी सुपारीचा व्यापारी, गोष्टी रचायचं अंग मला नाही. सत्तावीस वर्षं पुत्तूरजवळच्या कुंजाडीत राहतोय. हे घडलं ते माझ्यापासून तिसऱ्या घरात, सेसम्माच्या घरी. तेही भरदुपारी.

आटी, म्हणजे आमच्या तुळू पंचांगातला भर पावसाचा महिना; त्यातला मंगळवार होता. तीन वाजले असतील.

सेसम्मानं कुबट वास जावा म्हणून वारिजाच्या लग्नाच्या साड्यांची पेटी उघडली. कुलूप शाबूत होतं. किल्ली तिच्याच कमरेला होती.

वरची साडी उचलली...

पदरापासून निऱ्यांपर्यंत उभी फाटलेली.

दुसरी तशीच. तिसरीही. सहाच्या सहा.

आणि मागे, सुपारीच्या बागेच्या कुंपणाजवळ...

ट्रिंग.

सायकलची घंटी. सेसम्मा धावत पडवीत आली. कुंपणाशी कुणी नव्हतं. चिखलात चाकाचा मागही नव्हता. ती तिथंच मटकन खाली बसली, कारण ही घंटी तिच्या ओळखीची होती.

वारिजा तिची धाकटी मुलगी. चोवीस वर्षांची, गुणी पोर. तिची तीन स्थळं मोडली होती. पहिल्या वेळी मुलाची आई फाटकातच ओरडली की कुणीतरी माझं मनगट धरलंय. दुसऱ्या वेळी पाहुण्यांसमोर ठेवलेला भात पानातच आंबला. तिसऱ्या वेळी साखरपुड्याच्या सकाळी वारिजा उठली, तर गळ्यावर चार बोटं उमटलेली होती. निळी.

शेवटी दैवाच्या, म्हणजे आमच्या गावच्या राखणदाराच्या, अंगणात कौल लावला. अंगात आलेला माणूस थरथरत म्हणाला, "थोरली उंबऱ्यात बसलीय. तिचं लावा. त्याशिवाय धाकटीला ती बाहेर पडू देत नाही."

थोरली म्हणजे जलजा. त्याच्या नऊ वर्षं आधी तापानं गेली, एकोणिसाव्या वर्षी.

ऐकून आमच्याकडे कुणी चमकलं नाही. इथं मेलेल्यांचीही लग्नं लावतात. जिवंतांची लग्नं आटीत होत नाहीत, मेलेल्यांची होतात, एवढाच फरक. बाकी वय बघतात, कूळ बघतात, घरदार बघतात, आणि नाकं मुरडायची ती मुरडतातच.

सेसम्माचा भाऊ दूमप्पा स्थळ शोधायला निघाला. बंटवाळकडचं चांगलं घर मिळालं. त्यांचा मुलगा लहानपणीच गेलेला होता, असता तर तिशीचा असता. बोलणी झाली, मुहूर्त ठरला. ज्यांचं लग्न व्हायचंय त्यांनी हे बघायचं नसतं, म्हणून वारिजाला आत्याकडे पाठवलं.

लग्नाच्या दिवशी दोन पाट मांडले. एकावर नवऱ्याचं धोतर ठेवलं. मुलाकडच्यांनी आणलेली साडी आणि बांगड्या आतल्या खोलीत दुसऱ्या पाटावर ठेवून दार लोटून घेतलं. नवरीला नेसायला वेळ द्यायचा असतो.

सगळे दाराकडे कान लावून बसले. आत काही वाजेना.

मग... एकदाच... टर्रर्र.

दार उघडलं. साडीच्या चिंध्या झाल्या होत्या, बांगड्यांचा भुगा. आणि पाट भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मुलाकडचे न जेवता निघाले. मुलाची आई जाताना म्हणाली, "मेलेल्या मुलीलाही वळण लावता आलं नाही तुम्हाला."

सेसम्मा चिंध्या गोळा करत राहिली. जलजाला काय हवंय, हे त्या घरात फक्त तिलाच माहीत होतं.

कुंपणापलीकडे गिरिजाचं घर. दोन्ही घरांत बागेला येणाऱ्या पाटाच्या पाण्यावरून वैर होतं, कोर्टापर्यंत गेलेलं. गिरिजाचा मुलगा उमेशा संध्याकाळी सायकलवरून जाताना कुंपणाशी एकदा घंटी वाजवायचा. एकदाच. मग जलजाला अचानक बागेत काम निघायचं.

सेसम्माला कळलं तेव्हा तिनं पोरीला चिंचेच्या फोकानं फोडलं होतं. वर म्हणाली होती, "त्या घरात तुझं प्रेतसुद्धा जाणार नाही."

आठवड्यानं जलजाला ताप भरला. नवव्या दिवशी ती गेली. महिन्याभरानं उमेशा बागेतल्या तळ्यात सापडला. पाय घसरला म्हणतात. गिरिजानं त्याची सायकल भंगारात दिली.

घंटी मात्र वाजत राहिली. सेसम्मा नऊ वर्षं ती ऐकत होती आणि कानांवर हात ठेवत होती. मला याचा राग येतो. स्वतःचा शब्द खाली पडू नये म्हणून या बाईनं एका पोरीला उंबऱ्यात तिष्ठत ठेवलं आणि दुसरीचा गळा आवळू दिला.

वारिजा आत्याकडून परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आवाजच फुटेना. गळ्यावर आता आठ बोटं होती.

सेसम्मा उठली. डोक्यावर पदर घेतला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा ते कुंपण ओलांडलं.

गिरिजा सुपारी सोलत होती. तिनं मान वर केली नाही की बस म्हटलं नाही. सेसम्मानं उभ्यानंच सगळं सांगितलं. कौल, चिंध्या, घंटी, वारिजाचा गळा. फोकही सांगितला. फोकाबरोबर काय बोलली तेही.

"म्हणजे धाकटीचं अडलं म्हणून थोरली आठवली," गिरिजा म्हणाली.

"हो."

"माझा मुलगा जिवंत होता तेव्हा तुझ्या फाटकात येऊन उभा राहिला होता. माहीतय? तुझ्या भावानं त्याच्या अंगावर कुत्रा सोडला."

सेसम्माला हे माहीत नव्हतं. तिनं तिथंच पडवीत गिरिजाच्या पायांवर डोकं ठेवलं. "तेव्हा चुकलं. आज मुलगी द्यायला आलेय. पदरात घे."

गिरिजा बराच वेळ सुपारी सोलत राहिली. मग विचारलं, "तुझी पोर आठ महिन्यांनी मोठी ना माझ्या उमेशापेक्षा?"

"हो."

"लोक नावं ठेवतील."

एवढं बोलून ती हमसून हमसून रडायला लागली. मग आत गेली आणि एक हिरवी साडी घेऊन आली. नवी कोरी, पण घड्यांवर पिवळी पडलेली. उमेशानं आणली होती. नऊ वर्षं ती त्याच्या कपड्यांखाली होती.

चार दिवसांनी त्याच खोलीत, त्याच पाटावर ती साडी आणि नव्या बांगड्या ठेवल्या. दार लोटलं. या वेळी मीही पडवीत होतो. 

आत काही वाजत नव्हतं...

मग बांगड्या किणकिणल्या.

दार उघडलं. पाटावर साडी होती, निऱ्या घातलेली. एकसारख्या सात निऱ्या, कमरेला खोचतात तशा. स्वयंपाकघरात फोडणीला उभी असलेली शेजारची म्हातारी बघायला आली आणि म्हणाली, "अशा निऱ्या जलजाच घालायची."

नातेवाइकांनी कपड्यांची ताटं हातात घेऊन फेरे घेतले. पहिली दोन पानं नवरा-नवरीला वाढली. मग गिरिजा सुनेच्या साडीचं ताट छातीशी धरून कुंपण ओलांडून गेली. सेसम्मा बघत उभी राहिली. तिचा शब्द तिच्या डोळ्यांदेखत मोडत होता आणि ती हसत होती.

वारिजाचा गळा संध्याकाळपर्यंत मोकळा झाला. मार्गशीर्षात तिचं लग्न झालं, उडुपीला दिली. घंटी बंद झाली. दोन्ही घरांनी कोर्टातला दावा मागे घेतला.

इथं संपायला हवं होतं.

पुढचा आटी आला. नव्या नवरीनं आटीत माहेरी येऊन राहायचं असतं. वारिजा आली. सेसम्मानं तिच्यासाठी पान वाढलं...

आणि शेजारचा पाट आपोआप सरकला.

सेसम्माच्या हातातला डाव खाली पडला. दोन्ही लेकी नव्या नवऱ्या होत्या. तिनं एकीचंच पान मांडलं होतं. तिनं घाईघाईनं दुसरं मांडलं. त्या दिवसापासून रोज मांडते.

दहा-बारा दिवसांनी खारातल्या कैऱ्यांची बरणी तळाला गेली. वारिजाला आंबट चालत नाही. सेसम्मानं बरणीत वाकून पाहिलं आणि तिच्या अंगावर काटा आला. तरी ती कुंपणाशी जाऊन गिरिजाला सांगून आली. दोघी आधी हसल्या. मग दोघींनी बोटांवर महिने मोजले.

आटी संपला त्या दिवशी गिरिजा रीतीप्रमाणे सुनेला न्यायला आली. मीही तिथंच होतो, सुपारीच्या हिशेबासाठी नाही, सहज. कुंपणाशी घंटी वाजली. ट्रिंग. उमेशाची, एकदाच.

हे गेल्या वर्षीचं झालं.

या आटीत सेसम्मानं तिसरं पान मांडलंय. छोटं, केळीच्या पानाच्या शेंड्याचं. त्यावर मऊ भात आणि तूप वाढते. मी तिला काही विचारलं नाही. ती सुखात आहे, गिरिजाही सुखात आहे. मी मात्र आता घरात कुणावर चिडलो की शब्द गिळतो.

आणि संध्याकाळी त्या कुंपणावरून जायचं टाळतो. काल उशीर झाला म्हणून गेलो. घंटी वाजली. ट्रिंग. मी थांबलो.

मग पुन्हा वाजली...

अर्धवट. लहान बोटाचा जोर पुरू नये तशी.

आणि कुणीतरी खुदकन हसलं.