बारशाचा डबा

ज्याचे कारण देता येत नाही अशी कोणतीही गोष्ट या जगात घडत नाही, असे माझे ठाम मत आहे. हे मत मी आमच्या घरी पुढच्या खोलीत बसून मांडतो. मागच्या अंगणात मांडत नाही.

अंगण म्हणजे जयनगरातल्या भाड्याच्या घराला असते तेवढेच: एक नळ, कपडे धुण्याचा दगड, कढीपत्त्याचे झाड आणि भिंतीपलीकडे घरमालक जयसिंगराव. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर बंगळूरला आले आणि जमीन धरून बसले. मी कारखान्याच्या नोकरीसाठी आलो आणि त्यांना भाडे देत बसलो.

बासष्टच्या मे महिन्यात आम्ही समुद्र पाहायला गेलो. आमची मुलगी विजू तेव्हा साडेतीन वर्षांची होती आणि तिने पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे लालबागेतले तळे. कारखान्यातल्या शेषगिरीचे मेहुणे कुंदापूरच्या बाजूला एका शाळेचे हेडमास्तर. सुट्टीत शाळा रिकामीच असते, तिथे फुकट उतरा, असे त्याने सुचवले. फुकट हा शब्द कानावर पडला की मी पुढची चौकशी करत नाही.

आम्ही दुसरीच्या वर्गात उतरलो. बाके जोडून पलंग केला. फळ्यावर कोणीतरी अर्धवट पाढा लिहून ठेवला होता. खाणे घरून नेलेले: दशम्या, चिवडा, बेसनाचे लाडू. समुद्र खिडकीतून दिसे आणि त्याचेही भाडे नव्हते. वास मात्र अंथरुणाला, टॉवेलला, भिजल्या केसांना लागून राही.

विजू रोज संध्याकाळी एक लाडू आपल्या पितळी डब्यात घालून किनाऱ्यावर नेई. डबा माझ्या बायकोच्या, प्रतिमाच्या, आईने दिलेला, झाकणावर ‘चि. विजयाच्या बारशास, आजीकडून’ असे कोरलेला. आपल्याकडे नाव घातल्याशिवाय भांडे आपले होत नाही.

शेवटच्या संध्याकाळी ती हात हलवत परत आली.

“डबा कुठाय?” प्रतिमाने विचारले.

“तिला दिला. ती लाडू मागत होती.”

“कोण ती?”

विजूने समुद्राकडे बोट दाखवले. किनाऱ्यावर कोणी नव्हते. ओल्या वाळूवर एकट्या विजूची पावले होती. मी धोतर सावरून गुडघाभर पाण्यात हिंडून आलो.

“लाटेनं नेला,” मी निकाल दिला.

“ती परत देणारे,” विजू म्हणाली.

प्रतिमाला आईच्या भांड्याची हळहळ होती. “देईल हो! आणि चांगल्या घरची असली तर रिकामा नाही देणार.”

हा प्रतिमाचा कुळाचार आहे. शेजारची वाटी परत करताना घरात दुसरे काही नसले तरी चिमूटभर साखर जातेच. विजूने ते नीट ऐकून घेतले. मग पाण्याकडे तोंड करून हळू आवाजात तिने ते पुढे सांगितले.

बंगळूर समुद्रापासून दोन-अडीचशे मैल दूर आणि तीन हजार फूट उंच आहे. हे मी मुद्दाम सांगतो. जूनच्या अखेरीस एका सकाळी प्रतिमा नळावर गेली, तर कपड्यांच्या दगडावर डबा. पितळ काळवंडलेले, झाकणावर नाव तेच. आत जाडे, ओलसर मीठ. काठोकाठ.

“हेडमास्तरांना सापडला असेल,” मी म्हणालो. “कोणाबरोबर तरी पाठवला.”

“आणि तो कोणीतरी चहासुद्धा न घेता गेला?”

शेषगिरीला विचारले. त्याने नाही म्हणून सांगितले आणि माझ्या झोपेची चौकशी केली.

जयसिंगरावांच्या सोयराबाई भिंतीवरून डोकावल्या. “प्रतिमाक्का, काल पाव्हणं आलंतं काय? पहाटे पाण्याचा आवाज येत होता. स्वल्प यायचं, स्वल्प जायचं.”

“नळाला पाणी कुठं होतं?”

“सरी, बरोबर. तेच म्हणते मी.”

प्रतिमाने मीठ चाखून पाहिले. खारट होते. डबा तिने स्वयंपाकघरात ठेवून दिला आणि त्या मिठाने आमटी नेहमीसारखीच झाली.

आठवड्याने दगडावर दुसरा डबा आला. तो आमचा नव्हता. कळशीएवढा, जुना, कळकून हिरवा पडलेला. अक्षरे इतकी झिजलेली, की प्रतिमाने ती बोट फिरवून वाचली.

‘चि. गोदूच्या बारशास.’

आत काहीही नव्हते.

शेजारून रिकामे भांडे येते ते काहीतरी मागायलाच.

“तिचाय तो,” विजू म्हणाली. “आता आपण भरून द्यायचा. तूच म्हणालीस ना, रिकामा नाही द्यायचा.”

प्रतिमाने लाडू भरून ठेवले. सकाळी डबा तिथेच होता. लाडू काढून दगडावर ओळीने मांडलेले होते. एकालाही मुंगी लागली नव्हती.

विजूने आपली बाहुली ठेवली. बाहुलीही परत आली. तिच्या केसांत वाळू होती.

त्या दिवसांत सकाळी उठवायला जावे तर विजूच्या फ्रॉकचा घेर ओला असे. मी शिडी लावून कौले तपासली. गळती नव्हती. पाऊसही नव्हता.

मग एका संध्याकाळी, दिवेलागणीला, आम्ही दोघे अंगणात गेलो तर विजूने तो डबा दगडावरून खाली उतरवला होता. तिचा एक पाय त्यात होता.

“लाडू नकोत म्हणते ती. मी मावते, आई. बघ.”

दुसरा पाय तिने उचललेला होता.

प्रतिमाने तिला झटक्यात उचलून माझ्याकडे दिले. मी काहीतरी बोलणार होतो. कारण सुचेना.

प्रतिमाने डबा चिंचेने घासला. धुतला. पदराने आतून कोरडा केला. तळाशी बोट फिरवून पाहिले, साखरेचा कणसुद्धा राहू नये म्हणून.

दगडावर ठेवला.

“रिकामाच देतेय,” ती म्हणाली. आवाज शेजारणीशी बोलण्याचा होता. “आमच्याकडं तुम्हांला द्यायला काही नाही.”

भिंतीपलीकडे सोयराबाईंची भांडी वाजायची थांबली. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी प्रतिमाच्या तोंडून ऐकले नव्हते. बोलून झाल्यावर तिची मान खाली गेली.

“ती रागावेल ना,” विजू रडत म्हणाली.

“रागावू दे.”

त्या रात्री प्रतिमाने आपल्या पदराची विजूच्या फ्रॉकशी गाठ मारली.

सकाळी गाठ तशीच होती.

फ्रॉक कोरडा होता.

दगडावर डबा नव्हता.

याला आता दोन वर्षे झाली. विजू शाळेत जाते, पाढे म्हणते, आणि त्या गोष्टी तिला आठवत नाहीत असे आम्ही धरून चालतो. सुट्टीत आम्ही देवनहळ्ळीवरून नंदीच्या डोंगरावर जातो. लाडू कागदात बांधून नेतो. आमचा बारशाचा डबा स्वयंपाकघरात फळीवर असतो. प्रतिमा दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला त्यातलेच मीठ घेते आणि झाकण घट्ट लावते.

परवा महागाईवर बोलताना शेषगिरीने मला मिठाचा भाव विचारला. मला सांगता आला नाही. दोन वर्षांत आम्ही मीठ विकत आणलेले नाही.